शैक्षणिक सहकार्याचे मोजमाप आणि इतिहास : बीड जिल्ह्याच्या संदर्भात संबंधजाल विश्लेषणाचा एक अभ्यास

गोषवारा

शिक्षणसंस्था आणि शैक्षणिक उपक्रम यांच्यातील सहकार्य तपासण्यासाठी ‘सामाजिक संबंधजाल विश्लेषण’ ही पद्धती अलीकडच्या काळात वापरली जाते. प्रस्तुत निबंधात या पद्धतीच्या आधारे बीड जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासातील दोन कालखंड पाहिले आहेत. पहिला कालखंड निजाम राजवटीतील राष्ट्रीय शाळांचा, विशेषतः अंबाजोगाईच्या १९३५ ते १९३८ या वर्षांचा आहे. दुसरा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चाललेल्या अलीकडच्या उपक्रमांचा आहे. पहिल्या कालखंडात संस्थांमधील दुवे शिक्षकांच्या फिरण्यातून निर्माण झाले. दुसऱ्या कालखंडात फिरते ते मूल, संस्थांचे दुवे मात्र कार्यालयाकडे वर जातात. म्हणून दुव्यांच्या संख्येपेक्षा त्यांची दिशा आणि त्यांवरून होणारी देवाणघेवाण हा सहकार्याचा खरा निकष ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संबंधजाल, केंद्रीयता, घनता, राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाई, ऊसतोड कामगार, हंगामी वसतिगृह.

प्रस्तावना

मराठवाड्यातील शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे प्रायः संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, संस्थापकांचे गौरवग्रंथ आणि वार्षिक अहवाल ही त्याची प्रमुख साधने होत. या साधनांचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या रचनेतच एक मर्यादा आहे. प्रत्येक स्मरणिकेच्या केंद्रस्थानी एकच संस्था असते. शेजारच्या गावातील शाळा तेथे आली तर एखाद्या पाहुण्याच्या रूपाने येते. त्यामुळे संस्था कशी उभी राहिली हे कळते, पण संस्था एकमेकींना कशा धरून राहिल्या हे कळत नाही.

निजाम राजवटीतील हैदराबाद संस्थानात खाजगी शाळा काढण्यासाठी सरकारची अनुमती आवश्यक होती. सार्वजनिक सभांवर निर्बंध होते आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. अशा परिस्थितीत मराठी माध्यमाच्या खाजगी शाळा टिकल्या, त्या केवळ स्वतःच्या बळावर टिकल्या असे मानणे कठीण आहे. त्यांच्यामध्ये काही देवाणघेवाण होती. या देवाणघेवाणीचे स्वरूप कोणते होते आणि आजच्या शैक्षणिक उपक्रमांमधील सहकार्य त्याच्याशी ताडून पाहिले असता काय दिसते, हे दोन प्रश्न प्रस्तुत निबंधाच्या मुळाशी आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) संबंधजाल विश्लेषणाच्या मूलभूत संकल्पनांचा परिचय करून देणे. (२) त्या संकल्पनांच्या साहाय्याने अंबाजोगाईच्या शैक्षणिक कार्याचे मराठवाड्याच्या व्यापक जाळ्यातील स्थान तपासणे. (३) ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या उपक्रमांमधील सहकार्याचे परीक्षण करण्यासाठी त्यातून निकष शोधणे.

अभ्यासपद्धती : संकल्पना व त्यांचा उगम

माणसे किंवा संस्था म्हणजे ‘बिंदू’ आणि त्यांच्यातील संबंध म्हणजे ‘दुवे’ अशी कल्पना करून समाजाच्या एखाद्या भागाचा नकाशा काढणे हे या पद्धतीचे सार आहे. तिचा आरंभ शाळेतूनच झाला, ही गोष्ट शिक्षणाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हडसन येथे मुलींसाठी एक निवासी प्रशिक्षणशाळा होती. १९३२ मध्ये तेथून मुली पळून जाण्याचे प्रकार अचानक वाढले. जेकब मोरेनो यांनी मुलींच्या परस्परसंबंधांचे आलेख काढले आणि पळून जाण्याची कल्पना कोणत्या साखळीतून पसरली असावी हे दाखवले. प्रत्येक मुलीच्या स्वभावापेक्षा तिचे जाळ्यातील स्थान अधिक बोलके ठरले. १९३४ मध्ये त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९५४ मध्ये जॉन बार्न्स यांनी नॉर्वेतील एका बेटावरील वस्तीच्या अभ्यासात ‘सामाजिक जाळे’ ही संज्ञा शास्त्रीय अर्थाने वापरली. भारतात एम. एन. श्रीनिवास व आंद्रे बेते यांनी १९६४ मध्येच भारतीय समाजरचनेचा विचार जाळ्यांच्या अंगाने करावा, असे सुचवणारा लेख लिहिला होता. जात, गाव, कुटुंब हे गट ठळक दिसतात, पण गटांच्या सीमा ओलांडणारे संबंध नजरेतून सुटतात, ही जाणीव त्यामागे होती.

या पद्धतीतील चार संकल्पना येथे उपयोगी आहेत. पहिली ‘घनता’, म्हणजे जितके दुवे शक्य आहेत त्यांपैकी प्रत्यक्षात किती आहेत याचे प्रमाण. दुसरी ‘केंद्रीयता’, म्हणजे एखादा बिंदू इतरांच्या वाटेत कितपत येतो. तिसरी ‘दुर्बळ दुव्यांचे बळ’. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की, नवी माहिती आपल्याला जिवलगांकडून कमी व दूरच्या परिचितांकडून अधिक मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. चौथी ‘रचनात्मक पोकळी’, म्हणजे दोन गटांमध्ये दुवा नसलेली जागा. इतिहासलेखनात या संकल्पनांचा गाजलेला वापर जॉन पॅजेट व क्रिस्टोफर अन्सेल यांनी १९९३ मध्ये केला. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराणे प्रबळ झाले, त्याचे एक कारण त्यांनी असे दाखवले की, एकमेकांशी संबंध नसलेली अनेक घराणी या एका घराण्याशी जोडलेली होती.

शैक्षणिक उपक्रमांच्या मूल्यमापनात या पद्धतीला आणखी एका मोजपट्टीची जोड मिळाली. शाळांच्या सुरक्षिततेसाठी व विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत अनुदान घेऊन काम करणाऱ्या भागीदार संस्थांचा अभ्यास ब्रूस फ्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सहकार्याच्या पायऱ्या शून्य ते पाच अशा मांडल्या होत्या. शून्य म्हणजे संबंध नाही. त्यानंतर परिचय, सहकार, समन्वय, आघाडी आणि शेवटी एकात्म सहयोग अशा चढत्या पायऱ्या येतात. प्रत्येक संस्थेने इतर प्रत्येक संस्थेविषयी आपली पायरी सांगायची आणि त्यावरून नकाशा काढायचा, अशी ही रीत आहे. ‘आमचे सर्वांशी चांगले संबंध आहेत’ या मोघम विधानाला ती आकार देते.

ऐतिहासिक कालखंडासाठी मात्र कोणाला प्रश्नावली देता येत नाही. तेथे व्यक्ती आणि संस्था यांची दुहेरी सारणी उपयोगी पडते. एकाच व्यक्तीचे नाव दोन शाळांच्या शिक्षकपटावर असेल तर त्या दोन शाळांत दुवा आहे असे मानता येते. या कामी मराठवाड्याच्या अभ्यासकाला एक विशेष दक्षता घ्यावी लागते. निजामकालीन दप्तर फसली सनात आहे. दख्खनी फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असे व त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १९३५ हे वर्ष फसली १३४४ व १३४५ यांत विभागलेले आहे. हे ध्यानात न घेता नोंदी जुळवल्यास दोन शिक्षक एकाच वेळी एका शाळेत होते असे भासते आणि प्रत्यक्षात नसलेला दुवा नकाशावर उमटतो.

राष्ट्रीय शाळांचे जाळे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हैदराबाद संस्थानाच्या मराठी समाजात खाजगी शाळांची एक मालिका उभी राहिली. हैदराबाद शहरातील विवेकवर्धिनी, १९०७ ची गुलबर्ग्याची नूतन विद्यालय, १९१५ ची औरंगाबादची सरस्वती भुवन ही त्यांतील ठळक नावे होत. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला. पण ती भाषा उर्दू असल्याने मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांचा मातृभाषेचा प्रश्न सुटला नाही. १९२१ मध्ये असहकाराच्या वातावरणात उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. संस्थानाबाहेरच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीचा प्रवाह तिच्याद्वारे एका आडगावात पोहोचला.

या शाळेत १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर हे तरुण शिक्षक म्हणून आले. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातील शिक्षण आणि कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर केलेले काम हा त्यांचा पूर्वानुभव होता. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते हिप्परगा सोडून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले व तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाची धुरा त्यांनी स्वीकारली. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे सहकारीही हिप्परग्याहून अंबाजोगाईच्या कार्यात आले.

संबंधजालाच्या दृष्टीने ही घटना केवळ एका शिक्षकाची बदली नव्हे. एकटा शिक्षक नव्या शाळेत जातो तेव्हा तो बहुधा त्या शाळेच्या रीतीत मिसळून जातो. जोडीने काम केलेले सहकारी एकत्र येतात तेव्हा त्यांच्यातील परस्परविश्वास, कामाची सवय आणि ध्येयदृष्टी यांसह जुन्या शाळेचा एक तुकडाच नव्या जागी रुजतो. हिप्परगा व अंबाजोगाई यांच्यातील दुवा कोणत्याही कराराने झाला नव्हता. तरीही फ्रे यांच्या मोजपट्टीवर तो वरच्या पायऱ्यांवर ठेवावा लागेल.

अंबाजोगाईचे भौगोलिक स्थानही येथे विचारात घ्यावे लागते. मुकुंदराज व दासोपंत यांच्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या गावाला स्थान होतेच. शिवाय निजामाच्या काळात येथे लष्करी छावणी होती. म्हणजे गाव आडवळणी असूनही राजवटीच्या नजरेतले होते. बीड जिल्हा औरंगाबाद सुभ्यात मोडत असला तरी गावाचा लोकव्यवहार लातूर, उस्मानाबाद व परभणीकडेही होता. वेगवेगळ्या भागांतील माणसे जेथे भेटतात, अशा बिंदूला जाळ्यात मध्यस्थतेचे महत्त्व येते.

शाळेकडून चळवळीकडे

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. सनदशीर मार्गाने नागरी हक्क व मातृभाषेतील शिक्षण यांची मागणी करणारे हे व्यासपीठ होते. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या स्थापनेचा प्रयत्न होताच, ती प्रत्यक्ष स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी स्वामीजी अंबाजोगाईची शाळा सोडून हैदराबादला गेले आणि ऑक्टोबरात सुरू झालेल्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. वर्षाच्या अखेरीस औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ झाली. उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला.

या वर्षभराच्या घडामोडींत जाळ्याचे दोन गुणधर्म स्पष्ट होतात. एक म्हणजे शिक्षणाचे जाळे आणि राजकीय कार्याचे जाळे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, तरी त्यांचे अनेक बिंदू एक होते. संघटनेवर बंदी घालता येते. परंतु एका शाळेत बरोबर शिकवलेल्या माणसांची ओळख बंदीने संपत नाही. स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली. मधल्या काळात संघटनेचे काम टिकले, त्याच्या कारणांत या जुन्या ओळखींना स्थान द्यावे लागते. दुसरा गुणधर्म दुर्बळ दुव्याचा होय. औरंगाबादच्या किंवा हैदराबादच्या विद्यार्थ्याचे नागपूरशी रोजचे नाते नव्हते. पण संस्थानातील सर्व दारे बंद झाली तेव्हा दूरच्या विद्यापीठाचे दार उपयोगी पडले. एरवी नकाशावर क्षीण दिसणारी रेषा संकटकाळी पुलाचे काम करते ती अशी.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, एक बोलकी गोष्ट घडली. स्वामी रामानंद तीर्थ काँग्रेसतर्फे गुलबर्गा मतदारसंघातून आणि बाबासाहेब परांजपे पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटतर्फे बीडमधून लोकसभेवर निवडून आले. हिप्परगा व अंबाजोगाई येथे एकत्र काम केलेले दोन सहकारी परस्परविरोधी बाकांवर बसले. सहकार्याचा दुवा म्हणजे मतैक्य नव्हे, हे यावरून समजते. संस्था जोडणाऱ्या दुव्यावरून विचार, शिस्त आणि माणसे वाहतात, पक्षनिष्ठा वाहिलीच पाहिजे असे नाही.

जाळ्याचा विस्तार आणि त्यातील पोकळी

मुक्तीपूर्वी मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय औरंगाबादच्या १९२३ मध्ये निघालेल्या इंटरमीजिएट कॉलेजपुरती मर्यादित होती. १९५० मध्ये औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आणि नांदेडला स्वामीजींच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज सुरू झाले. अंबाजोगाईला १९५६ मध्ये महाविद्यालय निघाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० मध्ये बीड शहरात मराठवाडा शिक्षण प्रसारक मंडळाचे बलभीम महाविद्यालय सुरू झाले. अवघ्या दहा वर्षांत महाविद्यालयीन शिक्षणाचा नकाशा बदलून गेला.

बिंदू वाढले म्हणजे जाळे घट्ट झाले, असे मात्र नाही. विद्यापीठ स्थापन झाल्यावर प्रत्येक महाविद्यालयाचा पहिला दुवा संलग्नतेचा, म्हणजे विद्यापीठाशी झाला. दुसरा अनुदानाचा, म्हणजे शासनाशी झाला. नोकरीची शाश्वती, वेतनश्रेणी व निवृत्तिवेतन यांमुळे शिक्षकाचे जीवन सुरक्षित झाले. ही मोठी उपलब्धी होती व तिला उणे लेखणे अन्यायाचे होईल. पण तिच्यामुळे शिक्षक एका संस्थेच्या सेवापुस्तकात स्थिर झाला. ज्या फिरण्यातून पूर्वीचे दुवे निर्माण झाले होते, ते थांबले.

या जाळ्यातील दुसरी उणीव अधिक गंभीर होती. राष्ट्रीय शाळांचे जाळे प्रामुख्याने त्या काळातील लिहित्यावाचत्या, वरच्या जातींतील कुटुंबांच्या आधाराने वाढले. दलित समाजाच्या शिक्षणाचे जाळे औरंगाबादच्या आंबेडकरी महाविद्यालयाभोवती स्वतंत्रपणे विणले गेले. दोन्ही जाळी आतून घट्ट होती. त्यांच्या मधली जागा मात्र बव्हंशी मोकळी राहिली. विद्यापीठाला डॉ. आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला तेव्हा मराठवाड्यात दलितांवर हिंसक हल्ले झाले. राष्ट्रीय शाळांच्या परंपरेतील काही ज्येष्ठांनीही नामांतराला विरोध केला. नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. या घटनांची कारणे अनेक आहेत व ती सर्व जाळ्याच्या आकृतीत बसणारी नाहीत. तथापि एकाच प्रदेशात, एकाच विद्यापीठात दोन शैक्षणिक परंपरा इतकी वर्षे शेजारी राहूनही त्यांच्यात विश्वासाचे पुरेसे दुवे नव्हते, ही वस्तुस्थिती शिक्षणाच्या इतिहासकाराला टाळता येणार नाही. घट्ट जाळे हे आतल्यांसाठी आधार असते, तसेच बाहेरच्यांसाठी ते कुंपणही असू शकते.

साधनांचा दोषही येथेच नोंदवला पाहिजे. शिक्षकपट, अधिवेशनांचे वृत्तांत आणि सत्याग्रहींच्या याद्या यांत पुढाऱ्यांची नावे येतात. वसतिगृहात स्वयंपाक करणारी बाई, वर्गणीचे धान्य गोळा करणारा शेतकरी, निरोप पोहोचवणारा विद्यार्थी हे त्या काळातील जाळ्याचे खरे धागे होते. पटावर नाव नाही म्हणून नकाशावर बिंदू नाही, ही या पद्धतीची चूक इतिहासकाराने मौखिक साधनांच्या आधारे सुधारून घ्यावयाची असते.

ऊसतोड कामगारांची मुले : आजचा कसोटीचा प्रश्न

बीड जिल्हा आज ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ‘कोयता’, म्हणजे पतिपत्नीची जोडी, पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू झालेले असते. त्यामुळे मुलाचे वर्ष मधोमध तुटते. ही समस्या दुष्काळ, अल्प सिंचन, जमिनीचे तुकडे आणि कर्ज यांतून निर्माण झालेली आहे. शाळा ती एकटी सोडवू शकत नाही. परंतु शाळांनी एकमेकींशी कसे वागावे, हा भाग शिक्षणव्यवस्थेच्या हातातला आहे.

या मुलांसाठी उपक्रम थोडे नाहीत. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या गेल्या. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेचे काम त्यात अग्रेसर होते. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात गावातच हंगामी वसतिगृहे सुरू झाली, जेणेकरून आईवडील गेले तरी मूल आजीआजोबांजवळ राहून शाळेत जाईल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क मिळाला आणि दाखल्याअभावी प्रवेश अडवण्यास मनाई झाली. स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी कार्डाची पद्धत आली. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथील शांतिवनसारख्या स्वयंसेवी प्रकल्पाने निवासी शिक्षणाची सोय केली. २०२१ मध्ये सामाजिक न्याय विभागाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. तीत राज्यातील ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे नियोजित होती व पहिल्या टप्प्यात बीडचा समावेश होता.

या सर्व उपक्रमांचे बिंदू मांडून त्यांचे दुवे रेखाटले तर आकृती ताऱ्यासारखी होते. शाळा केंद्राला जोडलेली, केंद्र तालुक्याला, तालुका जिल्ह्याला, जिल्हा राज्याला. बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. जिल्हा कार्यालय धरून १२ बिंदू होतात. त्यांत ६६ दुवे शक्य आहेत. सर्व संपर्क जिल्ह्यामार्फत होत असेल तर प्रत्यक्ष दुवे ११, म्हणजे घनता सुमारे ०.१७ भरते. कोणत्याही दोन तालुक्यांच्या ५५ जोड्यांपैकी प्रत्येक जोडीची वाट जिल्हा कार्यालयातूनच जाते. केंद्रीयता पूर्ण, पण घनता अल्प, असे हे चित्र आहे. कागदोपत्री नियंत्रणाला ही रचना सोयीची असते. एखादा संबंधित अधिकारी बदलला किंवा जागा रिक्त राहिली की मात्र सगळेच दुवे एकदम ढिले होतात.

मुलाचा मार्ग याहून निराळा आहे. ते धारूर किंवा पाटोद्याच्या गावातून निघते आणि थेट सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यावर पोहोचते. त्याच्या दृष्टीने दोन शाळांतील अंतर एका प्रवासाचे आहे. व्यवस्थेच्या नकाशावर मात्र ते शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य, दुसरा जिल्हा, तालुका, केंद्र आणि शाळा असे आठ टप्प्यांचे होते. मूल एका टप्प्यात पोहोचते आणि त्याची माहिती आठ टप्प्यांनी येते. शिवाय शाळा शालेय शिक्षण विभागाची, वसतिगृह सामाजिक न्याय विभागाचे आणि कारखाना साखर आयुक्तालयाच्या कक्षेत. म्हणजे वाटेत विभागांच्याही भिंती आहेत. हमी कार्ड हा या नकाशावरचा एकमेव थेट दुवा. पण तोही मुलाच्या किंवा पालकाच्या हातात दिलेला असतो. व्यवस्थेने जो दुवा सांभाळायचा, तो पालात राहणाऱ्या कुटुंबाने सांभाळावा अशी ही अपेक्षा आहे. कार्ड पावसात भिजले किंवा हरवले की दुवा संपतो.

दोन कालखंडांचा तौलनिक विचार

राष्ट्रीय शाळांच्या काळात राजवट प्रतिकूल होती, पैसा नव्हता, दळणवळण तुटपुंजे होते. तरीही शाळांमध्ये आडवे दुवे निर्माण झाले, कारण शिक्षक स्वतः त्या वाटेने गेले. आज निधी आहे, कायदा आहे, संगणकीय नोंदणी आहे. परंतु शिक्षक जागेवर आहे आणि मूल चालते आहे. सहकार्याची रेषा त्या मुलाच्या पायवाटेवर नाही. या फरकाचा अर्थ शिक्षकांनी पुन्हा घरदार सोडावे असा नव्हे. ज्या कामासाठी जाळे विणायचे, त्या कामातील प्रत्यक्ष हालचालीच्या दिशेने दुवे असले पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ही कल्पना आपल्याकडे अगदी नवी नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांचे संकुल असावे असे सुचवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा संकुलाची कल्पना पुन्हा मांडली. मात्र दोन्ही ठिकाणी संकुल भूगोलाने शेजारी असलेल्या शाळांचे आहे. स्थलांतरित मुलाची शेजारची शाळा तीनशे किलोमीटरवर असते. त्याच्यासाठी संकुलाची व्याख्या अंतराऐवजी मार्गावरून करावी लागेल.

महाविद्यालयांनाही हा विचार लागू होतो. नॅकच्या २०१७ नंतरच्या मूल्यांकन पद्धतीत कार्यरत सामंजस्य करारांची संख्या विचारली जाऊ लागली आणि करारांच्या धारिका जाड होत गेल्या. करार हा दुवा होऊ शकतो याची शक्यता नोंदवतो, दुवा झाल्याची साक्ष देत नाही. १९३५ मध्ये हिप्परगा व अंबाजोगाई यांच्यात करार शून्य होते आणि देवाणघेवाण पूर्ण होती. आज याच्या उलट चित्र किती ठिकाणी आहे, हे प्रत्येक महाविद्यालयाने आपल्याच धारिकेवरून तपासून पाहावे.

निष्कर्ष

१. संस्थांचा इतिहास दुव्यांसह लिहिला असता अंबाजोगाईसारख्या लहान गावाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. ते महत्त्व विद्यार्थिसंख्येवरून किंवा इमारतींवरून ठरत नाही, अनेक जाळ्यांच्या संगमस्थानावरून ठरते.

२. सहकार्याचे परीक्षण करताना प्रत्येक दुव्याविषयी चार प्रश्न विचारावेत : दुव्यावरून काय वाहते, कोणत्या दिशेने वाहते, किती वेळा वाहते आणि दोन्ही बाजू तो दुवा मान्य करतात काय. एका बाजूने सांगितलेला व दुसऱ्या बाजूला ठाऊक नसलेला दुवा हिशोबात धरू नये.

३. घनता वाढणे हे सदैव इष्ट नसते. आतून घट्ट असलेली जाळी परस्परांपासून तुटलेली राहिली तर त्याची किंमत समाजाला मोजावी लागते. म्हणून मूल्यमापनात पोकळ्यांची नोंद दुव्यांइतकीच काळजीपूर्वक व्हावी.

४. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी मूळ गावातील शाळा व कारखान्याजवळील शाळा यांची हंगामापूर्वीच नावानिशी जोडी ठरवणे, दोन्ही वर्गशिक्षकांनी परस्परांशी थेट संपर्क ठेवणे आणि मूल परतल्यावर प्रगतीची नोंदही परत येणे, एवढ्या गोष्टींनी आठ टप्प्यांची वाट एका टप्प्यावर येऊ शकते. यासाठी नव्या योजनेपेक्षा असलेल्या योजनांमधील आडव्या दुव्याची आवश्यकता अधिक आहे.

५. अशा नकाशांचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांना अल्प खर्चात करता येईल. बीडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अंबाजोगाईलाच आहे, ही त्यासाठी अनुकूल गोष्ट आहे. मात्र नकाशावर संस्था याव्यात, मुलांची नावे येऊ नयेत, हे पथ्य कटाक्षाने पाळले जावे.

समारोप

अंबाजोगाईच्या शाळेत एका संन्याशाने तीन वर्षे शिकवले. तो काळ अल्प होता. तरी तेथून निघालेले दुवे हैदराबाद, नांदेड व पुढे साऱ्या मराठवाड्यापर्यंत पोहोचले. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ मध्ये त्यांचेच नाव मिळाले. त्याच जिल्ह्यातून आज दरवर्षी दिवाळीनंतर हजारो मुले शाळा सोडून निघतात. त्यांच्या मागोमाग एका शिक्षकाचा निरोप तरी पुढच्या शाळेत पोहोचतो काय, एवढ्या साध्या प्रश्नावर आपल्या सर्व शैक्षणिक सहकार्याची परीक्षा होणार आहे.